दुसऱ्या रिमोटचा डाव

खाडेभावोजींच्या घरी कोणीही गेलं, की पाण्याच्या पेल्याआधी हातात रिमोट येतो. टीव्हीचा नव्हे, टीव्ही गेमचा. वायरवाला, दोन लाल बटणांचा, पिवळा पडलेला. मग भावोजी म्हणतात, "बसा. एकच डाव. हातात तर घ्या."

गॅसचं सिलिंडर आणणारा माणूसही यातून सुटलेला नाही. तो खांद्यावरचं सिलिंडर खाली ठेवतो न ठेवतो, तोच भावोजी खुर्ची पुढे सरकवतात. "उक्कारुंग सार, ओरे ओरु तडवै." बसा साहेब, फक्त एकदा. तो बिचारा "वेण्डाम सार, वेण्डाम", नको नको, म्हणत मागच्या पावली जिना गाठतो. इस्त्रीवाला हल्ली कपड्यांचं गाठोडं उंबऱ्यावरच ठेवून जातो. घरमालकीणबाई एकदा वरच्या टाकीचं काही सांगायला आल्या होत्या. त्यांच्या हातात रिमोट दिल्यावर त्यांना ते रक्तदाब मोजायचं यंत्र वाटलं. त्यांनी पदर सावरून दंड पुढे केला आणि डोळे मिटून बसल्या.

तिरुवल्लिकेणीच्या या गल्लीत आमची दोन घरं समोरासमोर आहेत, मधे एक सामाईक व्हरांडा. आमचे हे आणि भावोजी गिंडीच्या एकाच कारखान्यात होते. हे स्टोअरमध्ये, भावोजी लेथवर. दोघंही आता घरीच असतात. भावोजी कोल्हापूरकडचे. बत्तीस वर्षं मद्रासेत काढली, पण सांबाराला अजून आमटीच म्हणतात. त्यांच्या बायको शालनताई माझ्यापेक्षा मोठ्या, म्हणून मी त्यांना ताई म्हणायचे. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. मूलबाळ नाही. हा गेमसुद्धा पुतण्यासाठी बंदराजवळच्या बाजारातून आणला होता. पुतण्या मे महिन्याची सुट्टी संपल्यावर परत गेला, गेम राहिला.

तेव्हापासून आजतागायत तोच गेम. कॅसेटवर नऊशे नव्याण्णव खेळ असं छापलंय. खरे पाचच आहेत, तेच पुन्हा पुन्हा वेगळ्या नावाने येतात. त्या पाचांतही भावोजींना एकच चालतो. एक बुटका माणूस छत्री घेऊन पळतो, खड्ड्यांवरून उडी मारतो, खेकडे चुकवतो. बस. पंधरा वर्षांत त्या छत्रीवाल्याने दुसरं काही केलेलं नाही. कॅसेट लागत नाही म्हणून रोज आधी काढून तिच्यात फुंकर मारायची, मग परत बसवायची, मग टीव्हीच्या पाठीवर दोन थापा. भावोजींची फुंकर आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येते. ती ऐकली की हे चप्पल पायात सरकवतात आणि मागच्या दाराने समुद्रावर निघून जातात. यांच्या तब्येतीला रोजचं चालणं मानवलंय, ते त्या फुंकरीमुळे.

खोटं कशाला सांगू, खेळ कंटाळवाणाच आहे. रंग विटलेले. ढगाला आणि झुडपाला एकच चित्र, नुसता रंग बदललेला. आणि ते संगीत. तीच सात-आठ टिरटिर दिवसभर डोक्यात फिरत राहते. मी एकदा देवापुढे आरती म्हणताना तिसऱ्या कडव्यापासून त्या चालीत शिरले होते.

पण भावोजींना संध्याकाळी सहाला एक माणूस लागतो. दुसरा रिमोट धरायला. ते एकटे खेळत नाहीत. आणि माणूस मिळाला की ते जे करतात, त्याचं सगळ्यांना हसू येतं. खेळ दोघांचा, पण एकामागून एक. पहिला मरेपर्यंत दुसऱ्याने बसून राहायचं. पहिला डाव भावोजींचा. छत्रीवाला चार पावलं पळतो, पहिला खड्डा येतो आणि भावोजी त्याला सरळ आत घालतात. उडी मारतच नाहीत. मग समाधानाने रिमोट मांडीवर ठेवून म्हणतात, "मेलो. आता तुमचा डाव."

लोकांना वाटतं, म्हाताऱ्याला खेळता येत नाही. ज्या हातांनी सुताएवढा फरक न करता तीस वर्षं लोखंड कापलं, त्या हातांना एक खड्डा ओलांडता येत नाही, हे मला कधीच पटलं नव्हतं. पण मी विचारलं नाही. मी कुणाला काही विचारत नाही, तो माझा स्वभाव नाही. भावोजी मला दोन वर्षं म्हणतायत, "वहिनी, हातात तर घ्या." मी मान हलवते, भाजीची वाटी दारातल्या स्टुलावर ठेवते आणि परत येते.

मध्यंतरी वरच्या खोलीत नितीन नावाचा मुलगा राहायला आला. नगरचा. श्रीपेरुंबुदूरला गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर. कंपनीची बस त्याला पहाटे नेते आणि संध्याकाळी आणून सोडते. मराठी ऐकून भावोजींनी त्याला पहिल्याच दिवशी जिन्यात पकडला. तो दमून आलेला असायचा, तरी आठवडाभर बसला. मोठा सोशिक मुलगा. आठव्या दिवशी म्हणाला, "काका, राग मानू नका, पण हे आता नाही खेळवत. डोळे दुखतात."

"डोळे कशाने दुखतात? तू दिवसभर कंप्युटरच बघतोस ना?"

"तिथे पगार देतात, काका."

भावोजी हसले. नितीनला वाटलं असेल, की काकांना नवीन काहीतरी दाखवावं. रविवारी तो लॅपटॉप घेऊन आला. मी रव्याचे लाडू द्यायला गेले होते, म्हणून दाराशी उभी होते. पडद्यावर खरोखरचं वाटावं असं जंगल होतं, पानं हलत होती, पाण्यात आकाश दिसत होतं. दोन माणसं त्यात चालत होती. एक नितीनचा, एक भावोजींचा.

भावोजींनी विचारलं, "माझा डाव कधी?"

"चालूच आहे की तुमचा. याच्यात डाव नसतो, काका. दोघं एकदमच खेळतात."

"एकाने मरायला लागत नाही?"

"नाही. एक पडला तर दुसरा हात देऊन उठवतो. हे बघा, असं."

भावोजींनी पडद्यावरच्या त्या हातावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "हे आधी का नाही निघालं रे?"

नितीनला काही कळलं नाही. तो म्हणाला, "कंप्युटर एवढे ताकदीचे नव्हते ना."

मग भावोजी बोलले. इतकं मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. म्हणाले, "मी सहाला घरी यायचो. चहा घेतला की खेळायला बसायचो. शालन शेजारी, दुसरा रिमोट तिच्या मांडीवर. मला हा खेळ असा बसला होता, की मी मरायचोच नाही. तास-तास. ती आपली भाजी निवडत वाट बघत बसायची. कधीतरी मी मरायचो, तिचा डाव यायचा आणि ती पहिल्याच खड्ड्यात पडायची. सवय कशी होणार? मी हसायचो तिला, वर. म्हणायचो, झालं का? आण, माझा डाव." थोडं थांबून म्हणाले, "एकदा तरी लवकर मरायला काय झालं होतं मला?"

नितीन लॅपटॉपच्या वायरीशी चाळा करत राहिला. मी लाडवांचा डबा स्टुलावर ठेवला आणि घरी आले.

तेव्हाच बोलायला हवं होतं. कारण खरं काय ते मला माहीत होतं, मला एकटीलाच. पण परक्या मुलासमोर बोलायचं, तेही नवरा-बायकोमधलं. उद्या सांगू म्हटलं. उद्या उद्या करत दोन महिने गेले.

नितीनची पुण्याला बदली झाली. जाताना पाया पडून गेला. त्यानंतर दुसऱ्या रिमोटला कुणीच उरलं नाही. संध्याकाळी फुंकर ऐकू यायची, दोन थापा ऐकू यायच्या. मी व्हरांड्यातून वाळलेले कपडे काढताना बघायचे. भावोजी छत्रीवाल्याला खड्ड्यात घालायचे. मग दुसऱ्याचा डाव. दुसरा रिमोट रिकाम्या खुर्चीत. पडद्यावर छत्रीवाला नुसता उभा. त्याला ठरावीक वेळ असते, ती संपली की तो आपोआप मरतो. भावोजी ती पूर्ण वेळ हात बांधून बसायचे. मग स्वतःचा डाव घ्यायचे, पुन्हा खड्ड्यात. असं सगळे जीव संपेपर्यंत. मग टीव्ही बंद.

परवा सकाळी ते व्हरांड्यात आले. हातात गेमचा डबा, त्याच्याभोवती वायरी गुंडाळलेल्या. यांना म्हणाले, "भंगारवाला आला की हाक मारा हो. देऊन टाकतो."

हे म्हणाले, "का? बिघडला?"

"बिघडला नाही. लोकांना सोसत नाही आता. मलाही नाही सोसत." आणि डबा कठड्यावर ठेवून आत गेले.

दिवसभर मी कामं करत होते आणि कान गल्लीकडे होते. भंगारवाला आला, "पळय सामान, पळय पेप्पर" असं ओरडत आमच्या दारावरून गेला. मी हाक मारली नाही. हे म्हणाले, "अगं, तो गेला ना." मी म्हटलं, "जाऊ दे."

संध्याकाळी मी कोपऱ्यावरच्या बाईकडून शेवग्याच्या पाल्याची मोठी जुडी आणली. परात घेतली, कठड्यावरचा डबा काखेत मारला आणि भावोजींच्या दारात जाऊन उभी राहिले. ते दिवा न लावता बसले होते.

मी म्हटलं, "भावोजी, लावा."

त्यांनी वायरी जोडल्या, फुंकर मारली, थापा मारल्या. टिरटिर सुरू झाली. मी ताईंच्या खुर्चीत बसले, दुसरा रिमोट मांडीवर घेतला, परात पायाशी. छत्रीवाला पळायला लागला आणि खड्डा दिसला, तसं मी म्हटलं, "मरू नका."

भावोजींच्या हाताने आपोआप उडी मारली. हातांना सगळं आठवत होतं.

मी पाल्याकडे बघत बोलले. माणसाकडे बघून मला जमलं नसतं. "ताईंना डाव नको असायचा. त्या मला म्हणायच्या, माझ्या हातात आलं की मी मुद्दाम खड्ड्यात उडी टाकते, म्हणजे लगेच यांच्याकडे जातं. दिवसभर लोखंडाशी असतात, कुणाशी बोलत नाहीत. एवढा तासभर माझ्या शेजारी बसतात, तोही मीच का मोडू?"

छत्रीवाल्याने दोन खेकडे चुकवले.

"मुद्दाम?" त्यांनी विचारलं.

"मुद्दाम. आणि रोज शेवग्याचा पाला का, सांगा."

"तिला आवडायचा फार."

"त्यांना त्याचा वाससुद्धा आवडत नव्हता. निवडायला तास लागतो, म्हणून आणायच्या. मेथी दहा मिनिटांत संपते म्हणायच्या."

पडद्यावरचा माणूस पूल ओलांडून पुढे गेला. पुढचे रंग मी कधी पाहिले नव्हते. इथवर भावोजी गेलेच नव्हते दोन वर्षांत. भावोजींनी एका हाताने डोळ्यांवरून शर्टाची बाही फिरवली आणि तेवढ्या वेळातही दुसऱ्या हाताने उडी चुकू दिली नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "लबाड होती."

खेळ तसाच होता, कंटाळवाणा. ढग आणि झुडपं एकसारखीच. सव्वासातला हे समुद्रावरून आले, दारातून आत डोकावले आणि हातात रिमोट येईल या भीतीने तसेच मागे सरले. मी काड्या एकीकडे केल्या, पाला परातीत सारखा केला.

माझा डाव काही आला नाही.