नाना बिरारींचा मोर

"खाले बठा! ओ भाऊ, मोर शे ना समोर, खाले बठा!"

मल्टिप्लेक्सच्या अंधारात ही आरोळी उठली तेव्हा ज्यांच्यासाठी ती होती ते उशिरा आलेले गृहस्थ तर बसलेच, पण बाहेर सरकत्या जिन्यावर उभी असलेली माणसंही खाली बसली, असं ऐकिवात आहे. शेजारच्या पडद्यावर मारामारी चालली होती, तिथल्या खलनायकानेही क्षणभर हात आवरला म्हणतात. मी मात्र शांत होतो. अंबडकडच्या आमच्या सोसायटीत नाना बिरारींच्या आणि माझ्या घरात एकच भिंत आहे आणि तीही त्यांच्या आवाजाने दरवर्षी पातळ होत चालली आहे.

बरं, सिनेमा सुरूही झालेला नव्हता. पडद्यावर होता तो 'मोरपिसारा पिक्चर्स' या वितरण कंपनीचा लोगो. मोराने पिसारा उघडला, भोवती सोनेरी अक्षरं फिरली, संपलं. नाना उठले आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या पायावर पाय देत बाहेर पडले. तिकीट अख्ख्या पिक्चरचं, पाहायचं एवढंच. "मोर पाहिला, पिक्चर पाहिला," हे त्यांचं ब्रीद. इतके सिनेमे पाहून एकाचीही गोष्ट ठाऊक नसलेला दर्दी त्रिभुवनात दुसरा नसेल. एकदा देशपांडेकाकूंनी त्यांना विचारलं, नवा सिनेमा कसा आहे? नाना म्हणाले, ठणठणीत. काकू माहेरची माणसं गोळा करून गेल्या आणि मध्यंतरातच घरी आल्या. तेव्हापासून त्या नानांना तिळगूळसुद्धा लांबून देतात.

नानांची सगळी नोकरी याच कंपनीत गेली. सिनेमाच्या रिळांच्या पेट्या एसटीच्या टपावर चढवायच्या आणि जत्रांमधल्या तंबू थिएटरांना पोचवायच्या. गाव नामपूर. एरवी बोलणं नाशिकचं, पण चिडले की थेट नामपूरचं.

मोराचे अवतार ते कीर्तनकाराच्या थाटात सांगत. पहिला मोर काळा-पांढरा आणि मुका. दुसऱ्याला कंपनीच्या शेठने रंग दिला, तो नेमका कांद्याच्या सालीचा झाला. तिसऱ्याच्या मागे तुतारी आणि विजेचा कडकडाट घातला, तेव्हा त्र्यंबकच्या बाजूला एका तंबूत लोक पाऊस आला म्हणून बैल सोडायला धावले. चौथा हा सोनेरी अक्षरांचा. "पण मोर तोच," नाना बजावत. "शेठ चिकट माणूस. मोर एकदाच शूट केला. पुढे सगळी त्याच्यावरच रंगरंगोटी."

शेठचा नातू आता मुंबईत कंपनी चालवतो. त्याने मोर बदलायचं ठरवलं. नवा मोर कॉम्प्युटरवर घडणार, असं कळलं त्या दिवसापासून भिंतीपलीकडून आवाज येईना. मला आधी वाटलं, भिंत दुरुस्त झाली. मग बरं वाटेना, म्हणून चहाला गेलो.

त्या दिवशी नानांनी पहिल्या मोराची खरी हकीकत सांगितली. शूटिंग ठरलं नामपूरला, नानांच्या शेतात, नवरात्रात. दिवाळीच्या पिक्चरला लोगो हवा होता. नानांच्या बायकोच्या, सुमनताईंच्या हातचे दाणे खायला रोज एक मोर येई. शेठ कॅमेरावाला घेऊन मोटारीतून उतरला आणि समोर पाहतो तर मोर बोडका. पावसाळा सरला की मोर पिसं टाकतो, हे शेठला माहीत नव्हतं आणि शेठला सांगायची कुणाची छाती नव्हती. तो मोर म्हणे मागून सोललेल्या मुळ्यासारखा दिसत होता आणि त्यालाही ते कळत असावं, कारण तो कॅमेऱ्याकडे पाठ करीना.

शेठ नानांना नोकरीवरून काढायला निघाला. तेवढ्यात सुमनताई घरातून पिसांचा भारा घेऊन आल्या. शेतात पडलेली सगळी पिसं त्यांनी वेचून ठेवली होती. बांबूच्या कामट्यांना बांधून त्यांनी मोठा पंखा केला, मोरामागे उकिडव्या बसल्या, एका हाताने त्याला दाणे टाकत, त्याच्याशी बोलत राहिल्या आणि शेठने हात वर केला तसा दुसऱ्या हाताने पंखा उघडला.

"खाली उजवीकडे बघत जा," नाना म्हणाले. "पिसारा उघडतो तेव्हा तिचं कोपर बाहेर येतं. बांगड्या पण दिसतात."

सुमनताईंना जाऊन बरीच वर्षं झाली. मी भिंतीवरच्या त्यांच्या फोटोंकडे पाहिलं. नानांनीही पाहिलं.

"फोटो पुष्कळ आहेत. सगळ्यांत नुसती बसलीय. हालताना तेवढीच दिसते."

मग त्यांनी हळूच विचारलं, कॉम्प्युटरवाले कोपर ठेवतील ना? मी म्हटलं, इतकी वर्षं ठेवलं, आता का काढतील. मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, पण थाप मारायला ते कधी आड आलेलं नाही.

नव्या मोराचा पहिला खेळ नाशिकलाच झाला. कंपनीचा जुना माणूस म्हणून शेठच्या नातवाने नानांना पुढच्या रांगेत बसवलं, शेजारी मी. दिवे गेले. मोर आला. काय मोर होता! एकेक पीस वेगळं थरथरत होतं, मानेवर ऊन पडलं होतं, डोळ्यात ढग दिसत होते. पिसारा उघडत गेला आणि मी खाली उजवीकडे पाहिलं. तिथे गवत होतं. फार सुंदर गवत होतं.

तेवढ्यात पॉपकॉर्नचा डोंगर घेतलेले एक जाडजूड गृहस्थ पडद्यासमोर येऊन उभे राहिले आणि आपली खुर्ची शोधू लागले. अर्धा मोर झाकला गेला. मी कानांवर हात ठेवायच्या तयारीत होतो. नाना काही बोलले नाहीत.

लोगो संपला तरी ते उठले नाहीत. मध्यंतरापर्यंत बसून राहिले. दिवे लागले तसा नातू धावत आला आणि नानांच्या पाया पडला.

"नाना, खाली उजवीकडे एक डाग होता बघा, आजोबांच्या वेळेपासूनचा. कुणी काढलाच नव्हता. या वेळी साफ करून टाकला. कसा वाटला मोर?"

नानांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"चांगला आहे," ते म्हणाले. "खरा वाटतो."