नानांची तुलना नानांशीच

आमच्या बिबवेवाडीच्या इमारतीत 'मुळे' हा शब्द सगळे जपून वापरतात. 'ट्रॅफिकमुळे उशीर झाला' एवढं साधं वाक्यसुद्धा जिन्यात वरखाली बघून बोलावं लागतं. कारण ते दुसऱ्या मजल्यावरच्या लेलेबाईंच्या कानावर गेलं, की दार उघडतं आणि प्रश्न येतो, "तुलना कोणाशी?"

बाई कॉलेजात तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या. म्हणजे कॉलेज निवृत्त झालं, बाई नाहीत. सोसायटीचे सेक्रेटरी दातार यांनी एकदा नवं खत आणलं. गच्चीतल्या चार जास्वंदींना घातलं, जिन्याखालच्या चारांना घातलं नाही. महिन्याभरात गच्ची फुलली. दातार सगळ्यांना सांगत सुटले, खतामुळे!

"गच्चीत ऊन, जिन्याखाली अंधार," बाई म्हणाल्या. "फूल उन्हानं आलं का खतानं, ते आता जास्वंदीलाच विचारा. अहो, गच्चीतल्या दोघींना खत घाला, दोघींना नको. जिन्याखालीही तसंच. म्हणजे ऊनवालीची तुलना ऊनवालीशी होईल."

"बरं, चांगल्या दोन-दोन निवडतो."

"तुम्ही निवडायच्या नाहीत! तुम्ही निवडाल त्या आधीच टवटवीत असणार. चिठ्ठ्या टाका."

दातारांनी पुढे फक्त कोरफड लावली.

बाईंचे यजमान नाना मात्र या सगळ्यात सुखी माणूस. दिवसभर शब्दकोडं, संध्याकाळी तळजाईची टेकडी. बाई बोलत असल्या की ते मान डोलवतात. ही मान हो म्हणते का नाही, ते चाळीस वर्षांत बाईंनाही कळलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात नानांना टेकडीवर जरा गरगरलं. डॉक्टरांनी ब्लडप्रेशर बघितलं तर जास्त. ते म्हणाले, "घरी रोज सकाळी मोजा, महिन्यानं या. असंच राहिलं तर गोळी चालू करू." बाईंनी यंत्र आणलं. रोज सकाळी मोजलं. रोज आकडा एकशे साठच्या पुढे. बाई जिन्यात भेटल्या तरी कुणाला काही विचारेनाशा झाल्या. मी नवीन माठाची तारीफ करताना त्यांच्यासमोर 'मातीमुळे' म्हणालो, आणि त्या नुसत्या "हं" म्हणून निघून गेल्या. तेव्हा मला पहिल्यांदा काळजी वाटली. नानांचे धाकटे भाऊ याच दुखण्यात गेले होते, हे मला नंतर कळलं.

तशात वरच्या जोशींनी सल्ला दिला. "दुधीचा रस द्या. माझं दुधीमुळेच उतरलं."

"जोशी, तुम्ही त्याच महिन्यात नोकरी सोडलीत," बाई म्हणाल्या. पण दुसऱ्याच दिवशी माझी बेल वाजली.

"सावंत, तुम्हाला आकड्यांतलं काही कळत नाही ना?"

मी शाळेत चित्रकला शिकवायचो. "काही नाही," मी अभिमानानं म्हणालो.

"उत्तम. उद्यापासून नानांचं प्रेशर तुम्ही मोजायचं."

बाईंची योजना तयार होती. डॉक्टरांना विचारून झालं होतं. काही दिवस दुधीचा रस, काही दिवस काकडीचा. दोन्हीत पुदिना इतका, की चव ओळखू येऊ नये. आज कुठला, ते बाई चिठ्ठी उचलून ठरवणार. ते नानांना माहीत नाही, मलाही नाही.

"जोशींना दुधी आणि नानांना काकडी दिली तर?" मी विचारलं.

"जोशी वेगळे, नाना वेगळे. माणसामाणसांत फरक फार. नानांची तुलना नानांशीच."

"मग एक आठवडा दुधी, एक आठवडा काकडी?"

"आणि दुसऱ्या आठवड्यात शेजारी ड्रिलिंग सुरू झालं म्हणजे? चिठ्ठीच हवी."

मग रोज सकाळी मी पट्टा बांधायचो, आकडा वहीत लिहायचो. बाई स्वयंपाकघरात थांबायच्या. प्रत्येक दुधी कडू नाही ना, हे आधी स्वतः चाखून बघायच्या. "दोन्ही रस तितकेच वाईट आहेत," नाना मला हळूच म्हणायचे आणि कोड्यातला उभा शब्द विचारायचे. गप्पांत प्रेशर मोजून व्हायचं.

दोन आठवड्यांनी बाईंनी वही उघडली. दुधीचे आकडे आणि काकडीचे आकडे सारखेच निघाले.

"म्हणजे उपयोग नाही," मी खट्टू होऊन म्हणालो.

 बाईंनी आपली जुनी वही शेजारी ठेवली. माझे सगळे आकडे, दुधी असो वा काकडी, एकशे तीसच्या आसपास. त्यांचे सगळे एकशे साठच्या पुढे.

"रसाचा संबंध नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "मग बदललं काय? यंत्र तेच, वेळ तीच, नाना तेच." आणि मग आवाज खाली गेला. "मोजणारा बदलला."

पण बाई त्या. एवढ्यावर मानणार नव्हत्या. पुन्हा चिठ्ठ्या पडल्या, आज मोजणार सावंत का बाई. दहा दिवसांत आकड्यांतलं न कळणाऱ्या मलाही दिसलं. बाईंच्या दिवशी आकडा वर, माझ्या दिवशी खाली.

शेवटच्या दिवशी बाईंनी वही मिटली आणि नवऱ्याकडे बघितलं. "मी काय करते हो असं?"

नानांनी पेन कोड्यावर ठेवलं. मग म्हणाले, "पट्टा फुगायला लागला की तू श्वास रोखतेस. तुझा चेहरा बघून मला वाटतं, आता काय ऐकायला मिळतंय."

बाई पदरानं चष्मा पुसायला लागल्या, तो पुष्कळ वेळ पुसत राहिल्या.

स्वारगेटजवळच्या डॉक्टरांकडे मीही बरोबर गेलो. त्यांनी दोन्ही वह्या वाचल्या, नानांच्या दंडाला दिवसरात्र आपोआप मोजणारं यंत्र लावून दिलं, आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं, "गोळीची गरज नाही. गरगरणं उपाशीपोटी चढल्यामुळे असावं. अधूनमधून मोजा, पण बाई, तुम्ही नको." दवाखान्याच्या पायरीवर बाईंनी इतका मोठा श्वास सोडला, की रिक्षावाल्यानं वळून बघितलं. डॉक्टर 'मुळे' म्हणाले होते, आणि बाईंनी ते तसंच जाऊ दिलं होतं.

घरी आल्यावर मी चहा पीत बसलो होतो. नाना अचानक म्हणाले, "माझं महिनाभर मोजलंत. हिचं कोणी मोजलंय?"

"मला काय झालंय?" बाई म्हणाल्या.

"हात दे."

कोचावर नाना त्यांच्या शेजारी जाऊन बसले. आयुष्यात त्यांनी ते यंत्र कधी हातात धरलं नव्हतं. अगदी मन लावून त्यांनी पट्टा बांधला, आणि उलटा बांधला. मला दिसलं. बाईंनाही दिसलं. मी सांगायला तोंड उघडलं, तर बाईंनी माझ्याकडे बघून हलकेच मान हलवली.

मग डोळे मिटून त्या नानांच्या गुडघ्यावर हात ठेवून स्वस्थ बसल्या. नानांनी बटण दाबलं आणि श्वास रोखून आकड्याकडे बघत राहिले.