स्वयंपाकघराच्या चौकटीवरची नऊ पोरं

रंगकामात माझा हात धरणारा आमच्या लॉरेल फोर्कच्या खोऱ्यात कुणी नाही. हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही! म्हणून आईच्या पंच्याऐंशीव्या वाढदिवसाआधी तिचं स्वयंपाकघर रंगवायचं मी ठरवलं. शनिवारी सकाळी ती चर्चच्या बायकांबरोबर गोधडी शिवायला गेली आणि मी ब्रश उचलला. भिंती झाल्या, खिडकी झाली. दाराची चौकट फार मळली होती, कडेला जागोजाग खरचटलंही होतं. पण अकरा माणसांच्या घरात काय खरचटत नाही! तिला मी पिवळ्या रंगाचे दोन हात झोकात दिले.

दुपारी आमची थोरली बहीण ओझेला बीन्सचं पातेलं घेऊन आली आणि दारातच थबकली.

"व्हर्लिन, रेघा कुठायत?"

"कसल्या रेघा?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच मला आठवलं.

आमचे वडील कोळशाच्या खाणीत, आम्ही नऊ पोरं. घरात कॅमेरा नव्हता. दर ऑगस्टमध्ये, शाळा उघडायच्या आदल्या दिवशी, आई आम्हांला अनवाणी त्या चौकटीला उभं करायची. डोक्यावर सुरी आडवी धरायची, आणि मग वडील पेन्सिलीने रेघ मारून नाव आणि साल लिहायचे. आमच्या घराण्याचा इतिहास तेवढाच. वडील गेल्यावर आई कधीकधी त्या चौकटीपाशी नुसती उभी राहायची. तो इतिहास मी सकाळच्या कॉफीनंतर पुसून टाकला होता!

"आईच्या जिवाला लागेल रे हे!" ओझेला एप्रनने डोळे पुसत म्हणाली.

तेवढ्यात डेन्झिल आला. हा भाऊ माझ्याहून वर्षाने मोठा आणि शंभर वर्षांनी शहाणा, असं त्याचं मत.

"रडताय काय? पुन्हा मारू रेघा!" तो म्हणाला. "आईला आता कुठे नीट दिसतं? रेघा असल्या म्हणजे झालं."

पंखा लावून चौकट वाळवली. पेन्सिल ओझेलाने घेतली, आणि खरी भांडणं तिथून सुरू झाली.

"बाराव्या वर्षी मी डेन्झिलपेक्षा उंच होतो," मी म्हटलं.

"स्वप्नात! तू टाचा उचलायचास."

"मी? आणि तू केस फुगवायचास ते?"

ओहायोत कारखान्यात गेलेल्या भावाला, हॉबर्टला, फोन लावला, तर त्याने तिकडूनच स्वतःला दोन इंच वाढवून घेतलं. मग फोनवर बाकीच्यांनीही मागे का राहावं! ओझेलाने तर पेन्सिल हातात असल्याचा पुरेपूर फायदा घेतला. चार वाजेपर्यंत चौकटीवर नऊ अशी धिप्पाड पोरं उभी होती, की वडिलांना खाणीत जायची गरजच पडली नसती.

पाच वाजता आई आली.

"रंगाचा वास येतोय," ती म्हणाली. "कुणाचे उद्योग?"

"वाढदिवसाची भेट, आई," मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण लहानपणचा.

ती भिंतींना "छान, छान" म्हणत चौकटीपाशी आली. रेघांकडे बघितलंसुद्धा नाही. तिने कडेवर बोट ठेवलं आणि सावकाश वर नेऊ लागली.

"हा हॉबर्ट, पहिलीतला. ही ओझेला. हा डेन्झिल, बारा वर्षांचा." बोट दोन इंच खाली आलं. "आणि हा व्हर्लिन, बारा वर्षांचा."

"आई, तुला काय लागतंय तिथे?" ओझेलाने घाबरत विचारलं.

"सुरीच्या खाचा. दरवर्षी तुमच्या डोक्यावरची सुरी मी जरा दाबायचे. पेन्सिल तुमच्या वडिलांची हौस. पेन्सिलीवर मी कधी भरवसा ठेवला नाही. माझी पोरं मला माहीत आहेत!"

आम्ही तिघंही जुन्या फरशीकडे ती नवी असल्यासारखे बघत राहिलो.

मग आईने चष्मा चढवला आणि आमच्या रेघा वाचायला घेतल्या. एका ठिकाणी थांबली. तिथे डेन्झिलच्या दोन खाचा, आदल्या सालची आणि पुढच्या सालची, एकमेकींना चिकटून होत्या.

"खाणीतल्या संपाचं वर्ष," ती म्हणाली. "त्या वर्षी तुम्ही जेमतेम नखाएवढे वाढलात. रोज बीन्स आणि मक्याचा पाव, तोही मोजून. तुमच्या रेघांवर मात्र तुम्ही चांगले वाढलेले दिसताय." तिने डेन्झिलच्या रेघेवर हात ठेवला. "तेवढं मला तेव्हा तुमच्या ताटात वाढता आलं असतं, तर किती बरं झालं असतं."

डेन्झिल उगाच पंखा बंद करायला गेला.

"या रेघाही राहू देत," आई म्हणाली आणि तिने ओट्यावरची सुरी उचलली. "काढा बूट. नवी खाच पाडायची."

पहिला नंबर माझा, रंग मी दिला म्हणून. मी चौकटीला पाठ लावली. डोक्यावर सुरी आली, आणि थांबली.

"व्हर्लिन," आई शांतपणे म्हणाली, "टाचा!"

वय वर्षं एकोणसाठ. मी गुपचूप टाचा खाली टेकवल्या.