तानूबाईंस मूळ आले त्याची हकीकत

श्रीकुलस्वामीस नमस्कार करून, झाले तितकेच लिहितो. शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सरे, माघ शुद्ध सप्तमी. आमच्या घरच्या राज्याच्या राणी, म्हणजे आमचे कुटुंब, सगुणाबाईसाहेब. त्यांचे माहेरी मेंदूचे दुखणे पिढीजात. चाळिशी-पन्नाशीच्या सुमारास हात हुकूम मानीत नाहीत, मग पाय, मग जीभ. राणीसाहेबांच्या बांगड्या बसल्या जागी वाजू लागल्या आणि आम्ही काय ते समजलो. मग वैद्य इंदुमतीबाई आल्या आणि दंडाची नखाएवढी कातडी मागितली आणि म्हणाल्या, "हिच्यातून मूळपेशी करू, त्यांतून मेंदूच्या पेशी, आणि खोड कुठे आहे ती शोधू." राणीसाहेबांचे बोलणे तुटक झाले होते, पण थट्टा शाबूत होती. म्हणाल्या, "तीस वर्षांत मला न्यायला माहेरचं मूळ आलं नाही. आलं ते हे दुखणं. आता माझ्याच कातडीतून मूळ धाडता होय?" "धाडते, बाईसाहेब. पण वाट लांब आहे. तुमच्यापर्यंत पोचेलसं नाही." "माझं राहू द्या. मूळ धाडून तानीला परत आणा."

तानूबाई आमची एकुलती लेक. पुढे तिसरे वर्षी राणीसाहेब निवर्तल्या, आणि कातडी मात्र काचेच्या बशीत जगली, आणि वैद्यांनी सहा वर्षे तिजवर शिकून घेतले. मग तानूबाईंच्या बांगड्या वाजू लागल्या आणि आम्ही ऐकून न ऐकल्यासे केले. त्याच म्हणाल्या, "आबा, तुम्हाला ऐकू येतंय. उगाच खोकू नका." मग खुद्द त्यांच्या कातडीच्या मूळपेशी केल्या आणि खोड दुरुस्त करून त्यांच्या मेंदूत सोडल्या. इंदुमतीबाई बोलल्या, "वर्षाने कळेल. फसलं तर तोंडावर सांगेन."

वर्ष काल भरले. तानूबाईंनी चहा केला आणि बशीत ओतून आमच्यापुढे धरला, आणि आम्ही कान देऊन बसलो. बशी हलली नाही. बांगडी वाजली नाही. "आबा, निवतोय. प्या की." प्यालो. साखर विसरल्या होत्या. आणखी एक बशी मागितली.

येणेप्रमाणे झाले. राणीसाहेब गेल्या त्या गेल्या. दुखणे संपले असे वैद्य म्हणत नाहीत, थांबले म्हणतात. आम्हांस तेवढे पुष्कळ. लेकीस न्यायला मूळ आले. तिच्या आईने धाडले होते.