फक्त चित्राचं काम

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी लोणारच्या शेख गफूर यांचं नाव घेतो. सगळा तालुका त्यांना गफूरचाचा म्हणतो. आधी आईबाबांचं नाव घ्यायला हवं हे मला कळतं, पण बाबा स्वतःच चारचौघांत सांगतात, "म्या पोराले कॉलेजात धाडलं, पन डिग्री त्याले गफूरभाईनं देल्ली."

चाचांनी मला पुस्तकं दिली नाहीत, शिकवणी घेतली नाही, कधी गोड बोललेही नाहीत. त्यांनी मला दुकानातून परत पाठवलं. दोन वर्षांत निदान दहा वेळा.

बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान. दारावर पत्र्याची पाटी, अक्षर त्यांच्याच हाताचं: "येथे फक्त चित्राचे काम होईल. आवाजाचे काम घेतले जाणार नाही. तक्रार लेखी द्यावी."

चित्र म्हणजे टीव्हीचं आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं. एकदा सरोवर बघायला आलेलं एक कुटुंब पाटी वाचून आत शिरलं आणि मुलीचं चित्र काढायला किती वेळ लागेल म्हणून विचारू लागलं. चाचांनी त्यांच्याही पुढे कागद सरकवला. "लिहा."

हा कागद म्हणजे जुन्या लग्नपत्रिकेची कोरी बाजू. तालुक्यात लग्न कोणाकडेही असो, चाचांना पत्रिका यायची. ते लग्नाला जात नसत, पण पत्रिका नीट कापून गठ्ठा करून ठेवत. काउंटरला दोरीनं पेन्सिल बांधलेली. गिऱ्हाइकानं तोंड उघडलं की चाचा त्याच्या तोंडाकडे असे रोखून बघत, की त्याला आपण चोरीचा माल आणलाय असं वाटावं. मग पेन्सिलीकडे बोट.

लिहिलेलं वाचायची त्यांची तऱ्हाही वेगळी. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. अकोल्याच्या मामाच्या ऑफिसातून निघालेला एक जुना कॉम्प्युटर आमच्या सुलतानपूरच्या घरी आला होता. मॉनिटर इतका खोल, की आई त्याला धान्याची कोठी म्हणायची. महिनाभरात त्याचे रंग बिघडले. मी कागदावर लिहिलं, 'स्क्रीन खराब झाली आहे.'

चाचांनी वाचलं आणि कागद परत केला.

"खराब दिसत असते का बे?"

"म्हणजे?"

"खराब हे तुहं मत झालं. तुले दिसलं काय, ते लिव. वाटलं ते नको लिवू."

मी लिहिलं, 'रंग चुकीचे येतात.' कागद परत आला. तिसऱ्यांदा मी डोळे मिटून घरचा पडदा आठवला आणि लिहिलं, 'पांढरं पिवळं दिसतं. निळं काळं दिसतं. लाल नीट आहे.'

"हं," चाचा म्हणाले. "निळ्याची पिन वाकली." केबलच्या तोंडातली एक बारीक पिन त्यांनी चिमट्यानं सरळ केली. दोन मिनिटांचं काम. "लिवलं तवाच दुरुस्त झाल्तं. जाय."

पुढच्या वेळी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात जांभळा डाग पडला. या वेळी मी शहाणा झालो होतो. मॉनिटर घरीच ठेवला आणि फक्त कागद घेऊन गेलो: 'डाग आंब्याच्या कोयीएवढा. दोन दिवसांत वाढला नाही. चित्र हललं तरी डाग हलत नाही.'

"बाजूले काय ठेवलं?"

"बहिणीनं स्पीकर ठेवला."

चाचांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पेन्सिल पुढे केली. मी तेही लिहिलं.

"लोहचुंबक हाय त्याच्यात. हटव, अन् मॉनिटर चार-दोन खेपा बंद-चालू कर."

डाग गेला. बहीण त्या दिवसापासून चाचांना मांत्रिक समजते.

मोठ्या माणसांचीही गय नव्हती. आमच्या शाळेचे हेडमास्तर देशमुख गुरुजी. अख्ख्या गावाच्या अर्जावर लाल रेघ मारणारा माणूस. त्यांनी घरचा मॉनिटर रिक्षात घालून आणला आणि कागदावर दोनच शब्द लिहिले: 'मॉनिटर मृत.' चाचांनी वायर जोडली, पुढचं बटण दाबलं आणि त्याच कागदाखाली लिहून दिलं, 'जिवंत आहे. बटण दाबत जावे.' गुरुजी महिनाभर त्या गल्लीतून गेले नाहीत.

आवाजाचं काम का घेत नाहीत, यावर लोणारात बरीच मतं होती. उभं आयुष्य या माणसानं रेडिओ दुरुस्त केलेले. बंद रेडिओला कान लावून आतली कोणती वस्तू बिघडली ते सांगायचे, असं बाबा सांगतात. मग एका वर्षी अचानक पाटी बदलली. कोणी म्हणायचं, मन्नत मागितली. कोणी म्हणायचं, पलीकडच्या मोबाइलवाल्याशी भांडण झालं. "चाचाले गर्मी चढली, दुसरं काय," असं म्हणणारेही होते, कारण चाचा हल्ली चौकात चहाला थांबत नसत. विचारलं तर एकच उत्तर: "आवाजाचं लय केलं. पोट भरलं."

आज मी पुण्यात एका कंपनीत आहे. लोकांचे कॉम्प्युटर अडले की आमच्याकडे फोन येतो. माझ्या बोलण्याला सहकारी हसतात. 'मले' निसटलं की कोणीतरी लगेच नक्कल करतं. पण कुठल्या बिघाडाची टिपणी लिहायची असेल, तर साहेब ती माझ्याकडून लिहून घेतात आणि दुसऱ्या शाखांना नमुना म्हणून पाठवतात. "तू हे असं लिहायला कुठे शिकलास?" त्यांनी एकदा विचारलं. मी अभिमानानं सांगितलं, लोणारला, बसस्टँडच्या मागे.

आता ती शेवटच्या वर्षाची गोष्ट. हे सगळं लिहू का, असं मी चाचांना विचारलं होतं. त्यांचा होकार आला, एका ओळीचा: 'दिसलं तेवढं लिव.'

माझा प्रोजेक्ट घरच्या कॉम्प्युटरमध्ये होता आणि फक्त तिथेच होता. चार दिवसांनी बाहेरून परीक्षक येणार होते. प्रोजेक्ट दाखवला नाही तर वर्ष जाणार, आणि वर्ष गेलं तर मी पुन्हा कॉलेजची पायरी चढणार नाही, हे घरात सगळ्यांना न बोलता माहीत होतं. आणि त्या सकाळी बटण दाबलं तर पडदा काळा. डब्बा आतून नुसता टूं टूं करत होता.

चाचांचा नियम मला पाठ होता. चित्र येत नसेल तर मशीन चालू करताना किती वेळा वाजतं, लांब वाजतं की तोकडं, ते घरी मोजून लिहून आणायचं. गिऱ्हाइकाचं लक्ष किती हे त्यावरून समजतं, असं ते म्हणत. पण दहाची एसटी निघत होती. मी मोजलंच नाही. कॅबिनेट पोत्यात गुंडाळून गाडीत चढलो तर कंडक्टर म्हणाला, "कोनाचं कलेवर नेऊन राह्यला बे?" मी हसलोसुद्धा नाही. मांडीवर कागद घेऊन लिहिलं, 'एक लांब, तीन तोकडे.' दुकानातल्या भिंतीवरच्या आवाजांच्या यादीत ते वाचलं होतं. त्याच्यापुढे 'चित्राचे कार्ड' असं लिहिलेलं होतं, आणि मला ते भारदस्त वाटलं होतं.

चाचांनी कागद वाचला आणि पहिल्यांदाच काही न विचारता ठेवून घेतला. मान हलवली. कॅबिनेट उघडून आतलं कार्ड काढलं, दुसरं लावलं, बटण दाबलं.

टूंऽऽ. टूंऽऽ. टूंऽऽ.

सगळे लांब. एकापाठोपाठ एक, थांबतच नव्हते. मी मनात म्हटलं, आता पकडला गेलो. पण चाचा पडद्याकडे बघत होते. त्यांनी मशीन बंद केलं आणि तिसरं कार्ड लावलं. पुन्हा तेच. मग मॉनिटर बदलला, केबल बदलली. दुपारचे दोन वाजले, डब्बा मधूनमधून केकाटत होता आणि चाचा माझ्या खोट्या कागदाकडे पुन्हा पुन्हा बघून कपाळ पुसत होते. मला वाटलं, हे माझी परीक्षा घेत आहेत. आता म्हणतील, कान फुटले का बे तुहे?

ते म्हणाले नाहीत.

"चाचा," मी त्यांच्या पाठीमागून हाक मारली. मग जरा मोठ्यानं, "चाचा!" त्यांनी मागे पाहिलं नाही. स्क्रू पिळत राहिले.

तेव्हा मला समजलं. पाटीवरचं 'आवाजाचे काम घेतले जाणार नाही', तोंडाकडे ते रोखून बघणं, चौकातला बंद झालेला चहा, न गेलेल्या लग्नांच्या पत्रिकांचा गठ्ठा. सगळा तालुका ज्याला माज म्हणत होता, तो माज नव्हताच. आणि त्या माणसाकडे ऐकण्याऐवजी गिऱ्हाइकाचा एक कागद होता. त्यावर मी थाप मारली होती.

मी पत्रिकांच्या गठ्ठ्यातली एक उचलली आणि पाठीमागे लिहिलं, 'चाचा, मी मोजलं नव्हतं. बसमध्ये बसून खोटं लिहिलं. सगळे लांब वाजतात, सारखे वाजतात.' आणि त्यांच्यासमोर ठेवली.

त्यांनी वाचलं. चष्मा वर केला आणि पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे पाहून हळूच विचारलं,

"आता बी वाजून राह्यलं?"

आमच्या दोघांच्या मध्ये डब्बा नुसता बोंबलत होता.

"हाव," मी म्हटलं. "आता बी."

त्यांनी कॅबिनेटच्या पत्र्यावर पंजा ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवला. मग बटण बंद केलं, आतून मेमरीची पट्टी उपसली, तिची सोनेरी कड शाळेतल्या साध्या खोडरबरानं घासली, फुंकर मारली आणि पट्टी दाबून बसवली. पुन्हा बटण दाबलं, आणि पडद्यावर चित्र आलं. माझा प्रोजेक्ट जिथं होता तिथंच होता.

मी मान खाली घालून उभा होतो. आता काय बोलतील याची वाट बघत.

"खोटं लिवलं तं लिवलं," चाचा म्हणाले, "पन इतक्या चांगल्या अक्षरात काऊन लिवलं बे? अर्धा दिस खाल्ला ना माहा." आणि आतल्या बाजूला तोंड करून त्यांनी चहा सांगितला, दोन कप. कोणाला सांगू नको, असं ते म्हणाले नाहीत. मीही सांगितलं नाही.

निकाल लागला त्या दिवशी मी कॉलेजातून थेट लोणारला गेलो. दुकानात तीन माणसं उभी होती. दारातूनच ओरडलो, "चाचा, पास झालो! फर्स्ट क्लास!"

चाचांनी उशिरा मान वर केली. माझं बोलणं तोवर संपलं होतं. पोरगा दारात उभा आहे, धापा टाकतोय, एवढंच त्यांना दिसलं. नेहमीसारखा कागद सरकवला. "लिवून दे अन् जाय. सोमवारी ये."

तिघेही हसले. एक म्हणाला, "घ्या! या म्हाताऱ्याले कोनाचं कवतिकच नाही." मी जवळ जाऊन पुन्हा सांगू शकलो असतो. पण मग एकदा, दोनदा, मोठ्यानं सांगावं लागलं असतं, आणि त्या तिघांना जे आजवर समजलं नव्हतं ते समजलं असतं. मी 'हो चाचा' म्हटलं आणि सुलतानपूरची गाडी पकडली. दुसऱ्या दिवशी पोस्टाचं पाकीट आणलं. एसटीनं लोणार अर्ध्या तासावर आहे, पत्राला तीन दिवस लागले. मजकूर असा होता:

*ती. गफूरचाचांना सलाम.*

*मी पास झालो. फर्स्ट क्लास आला. आमच्या घरात आणि दोन्हीकडच्या नात्यात मी पहिला ग्रॅज्युएट. हेच सांगायला शुक्रवारी आलो होतो. गर्दी होती म्हणून परत गेलो, राग मानू नका. मीही मानलेला नाही.*

*परीक्षकांनी विचारलं, प्रोजेक्ट अडला तर काय करशील. मी म्हटलं, आधी काय दिसतंय ते बघीन. ते म्हणाले, असं उत्तर आज कोणी दिलं नाही.*

*पुढच्या रविवारी आमच्या घरी जेवायला या. बाबांना गाव बोलवायचं होतं, मी नाही म्हटलं. आम्ही चौघं आणि तुम्ही, एवढेच. अंगणात बसू, तिथं उजेड चांगला असतो. मी तुमच्या समोर बसेन. बाबांच्या मिशीत त्यांचे ओठ दिसत नाहीत, म्हणून मी त्यांना मिशी बारीक करा म्हटलं. काऊन ते सांगितलं नाही. लग्नापासून जपलेली मिशी आहे, आईला वाटलं आता भांडण होतं. बाबांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि आज सकाळी न्हाव्याकडे जाऊन आले.*

*आई विचारते, तिखट चालते का. तेवढं लिहून पाठवा.*

*तुमचा,*
*संतोष*