सासू झालेले भोईर सर

आमचे भोईर सर सासू झाले की त्यांच्या मिशा दिसेनाशा होतात. म्हणजे मिशा असतातच, चांगल्या झुपकेदार. अंगानेही सर पैलवानासारखे. पण एकदा का ते डोक्यावरून ओढणी घेऊन, एक गुडघा उभा करून जमिनीवर बसले, तोंडात सुपारी नसताना ती चघळू लागले आणि म्हणाले, "आमच्या वेळेला नव्हती गो बाय ही सोनोग्राफी," की समोरच्या निम्म्या बायका आपोआप पदर सावरतात. मीसुद्धा सावरला होता.

मी बदलापूरला हेंद्रेपाड्यात आशाचं काम करते. घरोघर जाऊन गरोदर बायका, बाळंतिणी, तान्ही बाळं यांची खबरबात ठेवायची. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, तिन्हीकडच्या आशा आणि नर्सबायांना मिळून अंबरनाथच्या एका हॉलमध्ये प्रशिक्षण होतं. विषय असा, की आई आणि बाळ यांना सुटं सुटं बघायचं नाही, अख्खं घर हाताशी धरायचं. आम्हाला वाटलं, नेहमीसारखं असणार. भिंतीवर चित्रं, दुपारी पुरीभाजी, सही आणि घर.

शिकवायला होते भोईर सर. त्यांनी आल्या आल्या प्रोजेक्टरची वायर उपटली.

"भिंतीकडे बघून कुठली बाळंतीण बरी झालीय? उठा सगळ्या. घरं बांधा!"

घरं बांधा म्हणजे गट करा. एकीने सून व्हायचं, एकीने नवरा, एकीने फुकट सल्ला देणारी शेजारीण. सासू प्रत्येक घरात सरच. त्यांच्यासमोर कुणी 'पेशंट' म्हणालं की ते मागे वळून दाराकडे बघायचे. "कुठाय पेशंट? मला तर कुणाची तरी सून दिसते. आणि घरात कोण?" हे त्यांचं ठरलेलं. एखादी सांगत असते, सर, सातवा महिना, रक्त कमी, गोळ्या घेत नाही. सर म्हणणार, "बरं. आणि घरात कोण?" गोळीचा डबा कुणाच्या हाताला लागतो, भाजी कोण आणतं, रुसून कोण बसलंय, हे सांगता आलं नाही तर बाई खाली बसली.

उल्हासनगरची कविता आमच्या घरात नवरा झाली. ती सिंधी, मराठी झकास बोलते, पण नवरा झाल्यावर पाय पसरून बसली, मोबाईल काढला आणि मान वर न करता म्हणाली, "मेरे को क्या पता, मम्मी से पूछो."

सर उडालेच. ओढणी खांद्यावर आली. "हाच! हाच तो! उल्हासनगर ते बदलापूर घरोघर हाच बसलाय सोफ्यावर!" आणि लहान मुलासारख्या टाळ्या.

माझी पाळी आली. मी आशा झाले होते, म्हणजे मीच. सासू म्हणाली, सुनेला पपई दाखवायची नाही, भात कमी द्यायचा, नाहीतर पोर मोठं होतं आणि अडतं. मी म्हणाले, "आजी, तुम्ही चुकताय."

सर ओढणी काढून उभे राहिले. "संपलं. आता या घरात तुला पाणीसुद्धा मिळणार नाही. अगं, तिने पोरं वाढवलीत. आधी तिचं ऐक, मग तुझं सांग."

पुन्हा केलं, या वेळी बाळंतिणीचं घर. "पोर झोलीतच बरा," सासू म्हणाली. पुन्हा दार बंद. सर सासू म्हणून इतकं टोचून बोलत होते की मला खरंच रडू फुटायला लागलं. शेवटी वैतागून मी विचारलं, "आई, तुमचे गुडघे दुखतात का हो?"

"दुखतात ना," सर म्हणाले, "विशेषतः उजवा. जिना चढताना तर..." आणि ते खरंच आपल्या गुडघ्याबद्दल सांगत सुटले. चांगला वेळ गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. हॉल हसून हसून लोळत होता. सर स्वतःही डोळे पुसत म्हणाले, "घुसली! ही घरात घुसली!"

शेवटच्या दिवशी खऱ्या घरी जायचं होतं. सरांनी मला आणि कविताला घेतलं आणि मोरिवलीत गेलो. ते सरांचं स्वतःचं गाव. कारखान्यांच्या भिंतीला टेकलेलं घर, अंगणात सुकत घातलेली बोंबलाची माळ. आत सारिका नावाची बाळंतीण, तिचं कमी वजनाचं, नुकतंच दवाखान्यातून आलेलं बाळ, तिची सासू आणि नवरा दिनेश. दवाखान्याने सांगून पाठवलं होतं की बाळाला उघड्या छातीशी धरा, कातडीला कातडी लागू दे, वरून गुंडाळा. कांगारूसारखं. आई धरेल, बाप धरेल, आजी धरेल, कुणीही. पण धरत होती एकटी सारिका. तिची पाठ गेली होती, डोळे मिटत होते, आणि बाळ बाजूला झोळीत होतं.

मी बाळाच्या तळव्याला हात लावला. गार. सरांनीही हात लावला आणि कविताला हळूच म्हणाले, "रिक्षा थांबवून ठेव. पाय तापले नाहीत, दूध घेतलं नाही, तर थेट दवाखाना."

आणि मग आजी सुरू झाल्या. "मना नको शिकवू. बापय मानूस कवा पोर छातीला लावतं का? लोक हसतील. पोर झोलीतच बरा."

मी सरांकडे बघितलं. झोळीची ती ओळ सरांनी हॉलमध्ये अगदी तश्शीच म्हटली होती. आणि सर? त्यांचा चेहरा उजळलेला. आजी पुढे म्हणाल्या, "छातीला लावून काय व्हतंय, बापाला काय पान्हा फुटनार हाय?" तेव्हा सर माझ्या कानात पुटपुटले, "हे मला सुचलं नव्हतं!"

हसायची वेळ नव्हती, पण त्या हसण्यानेच माझी भीती उतरली. मी आजींजवळ जमिनीवर बसले. म्हटलं, "आई, दिनेशदादा लहानपणी कसे होते हो? असेच बारके?"

आजींनी झोळीकडे बघितलं. "याच्याहून बारीक. उंदरासारखा." मग हातांनी दाखवत, "मी पदरात घेऊन बसायची. चुलीजवल. खाली ठेवायची नाय."

"मग तेच तर करायचंय," मी म्हणाले. "चुलीच्या जागी दादा."

आजींनी दिनेशकडे बघितलं. आता दिनेश मागे सरकायला लागला. "सर, माझे हात बघा. राठ. हे पोर एवढंसं. काय झालं म्हणजे?"

"तू कंपनीत काय करतोस?" सरांनी विचारलं.

"काचेच्या बाटल्या. पॅकिंगला."

"फुटतात तुझ्या हातून?"

"एकपण नाय," दिनेश जरा ताठ झाला.

"मग काढ शर्ट."

त्याने शर्ट काढला. आजींनी लाजून तोंड भिंतीकडे फिरवलं. मी बाळाला त्याच्या छातीवर उभं, पाय बेडकासारखे दुमडून, नीट ठेवलं, टोपी घातली. दिनेश श्वास घ्यायचाच विसरला होता. "घे की श्वास," कविता म्हणाली, "उसको भी हिलना अच्छा लगता है." तेवढ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेल्या आजी म्हणाल्या, "पाय उघडे हायेत त्याचे," आणि उठल्या, स्वतःचं जुनं लुगडं आणलं आणि बाप-लेकाला मिळून असं गच्च बांधलं की आम्हाला प्रशिक्षणातही तसं जमलं नव्हतं.

आम्ही बसून राहिलो. मी सारखी लुगड्यात हात घालून तळवे बघत होते. गार. अजून गार. कविता दारात, रिक्षावाला हॉर्न देतोय. मग कोमट. मग, खरंच, ऊब! मी ओरडलेच, "सर, तापले!" आणि तेवढ्यात बाळाने तोंड उघडून दिनेशच्या छातीवर इकडेतिकडे दूध शोधायला सुरुवात केली. दिनेश घाबरून, "अरे, हे काय करतंय?" सारिका झोपेतून उठून हसली. तिने हात पुढे केले, बाळाला घेतलं, आणि ते चुटूचुटू ओढायला लागलं. आजी दारात जाऊन शेजारणीला हाका मारत होत्या, "या गो, बघा माझा पोरगा कसा बसलाय पोराला घेऊन!"

रिक्षावाल्याला तसाच परत पाठवला. जाताना मी सारिकाला बजावलं, पुन्हा गार पडलं किंवा दूध सोडलं तर थांबायचं नाही, दवाखाना. आजीच म्हणाल्या, "आमी हाव ना."

कविता उल्हासनगरला गेली. सर आणि मी बदलापूरच्या रिक्षात बसलो. मी नुसती बडबडत होते. सर रस्त्याकडे बघत होते. बदलापूर आलं तसं त्यांनी रिक्षावाल्याला सांगितलं, "मांजर्लीला घे." मला म्हणाले, "अजून एक घर आहे. चल."

एका इमारतीखाली आम्ही उतरलो. सर जिन्याजवळ उभे राहिले, ते राहिलेच.

"कुणाचं घर सर?"

"माझ्या मुलीचं. हर्षदाचं." ते नावांच्या पाट्यांकडे बघत होते. "तिने सिंधी मुलाशी रजिस्टर लग्न केलं. पोरगा चांगला आहे, माझा राग त्याच्यावर नाही. मला सगळ्यांच्या शेवटी कळलं गं. का नाही सांगितलंस विचारलं, तर म्हणाली, अप्पा, तुमची भीती वाटते. तालुकाभरच्या सुना माझ्याशी बोलतात, आणि माझ्या पोरीला माझी भीती! मी आलोच नाही त्यानंतर. हिची आई असती तर ओढत आणलं असतं. आता मुलगी झालीय तिला. फोटोत बघितलीय मी."

सरांनी रुमालाने मान पुसली. "दार उघडल्यावर काय बोलू?"

"काही नका बोलू," मी म्हणाले आणि पुढे होऊन जिना चढले. बेल मीच दाबली.

दार एका दमलेल्या मुलीने उघडलं. खांद्यावर बाळ, केस विस्कटलेले. ती सरांकडे बघत राहिली. सर तिच्याकडे. आत गॅसवर काहीतरी उतू गेल्याचा वास आला.

"अगं बाई, दूध!" हर्षदा म्हणाली, बाळ सरांच्या हातात दिलं आणि आत पळाली.

भोईर सर दारातच, लाकडासारखे. बाळ त्यांनी ताटासारखं धरलं होतं, म्हणून मी पुढे झाले. पण तेवढ्यात हर्षदाने स्वयंपाकघरातून वाकून बघितलं.

"अप्पा, मान धरा तिची."

"हो हो," सर घाईघाईने म्हणाले आणि त्यांनी पंजा बाळाच्या मानेखाली सरकवला. बाळाने त्यांच्या मिशीकडे टक लावून बघितलं. सर डोळे मिचकावत होते, पण पुसायला हात मोकळा नव्हता.

"आणि चहात साखर चालते का आता तुम्हाला?" आतून हर्षदा विचारत होती.

मी दार हळूच ओढून घेतलं आणि जिना उतरले.