ग्लासातली आक्का

आमच्या समोरचे निंबाआप्पा दिवाळीची शेव एका स्टीलच्या ग्लासाशी भांडत भांडत करतात.

हे मला कळलं ते सुरतेतल्या आमच्या पहिल्या दिवाळीत. नवऱ्याला सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका कारखान्यात नोकरी लागली, म्हणून परभणी सोडून आम्ही डिंडोलीत राहायला आलो होतो. बिल्डिंगमध्ये बहुतेक घरं खान्देशातली. एका दुपारी मी भांडी घासत होते, तेवढ्यात समोरून बाईचा कडाडून आवाज आला, "डोकं फिरनं का तुनं? मीठ टाक आधी!" त्यावर पुरुषाचा आवाज, त्याच्याही वर चढलेला. मग पुन्हा बाई.

नवरा म्हणाला, "नवराबायकोचं भांडण आहे. तू मधी पडू नको."

मी अर्थातच पडले.

दार सताड उघडं होतं. आत बाई नव्हतीच. ओट्यापाशी आप्पा एकटे, अंगात बनियन, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, कोपरापर्यंत बेसन. पुढ्यात मसाल्याच्या डब्याशेजारी स्टीलचा ग्लास, ग्लासात बटणांचा फोन उभा. ग्लासात फोन ठेवला की आवाज घुमतो, ही आप्पांची युक्ती. त्या ग्लासातून आवाज आला, "कोण आलं रे?"

"समोरची सूनबाई," आप्पा ओरडले. "परभणीची."

"परभणीची? मग तिला विचार, शेवेत लसूण टाकतात का नाही."

मी भाबडेपणानं म्हणाले, "आमच्याकडं टाकतात."

ग्लासातून विजयी हसू ऐकू आलं. आप्पांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांच्या जमिनीवर हक्क सांगायला आले आहे.

ग्लासातली बाई म्हणजे आप्पांची थोरली बहीण, आक्का. ती अमळनेरजवळच्या एका खेड्यात, आपल्या सासरी. लहानपणी दिवाळीची शेव आई करायची आणि सोऱ्या दाबायला ही दोघं असायची. आई गेली. पुढं किती तरी वर्षं भाऊ शेव करून भाऊबीजेला डबा भरून न्यायचा आणि बहीण नावं ठेवत खायची. नावं ठेवायला भाऊबीजेपर्यंत थांबणं तिला जमेना, म्हणून फोन आले तसं तिनं पीठ चाळण्यापासूनच सुरुवात केली.

भांडणाचा विषय ठरलेला. आक्का म्हणायची, आई शेवेत लसूण वाटून घालायची. आप्पा म्हणायचे, नुसता ओवा.

"मी मोठी आहे. मी पाहिलंय."

"तू लग्न करून गेलीस. मागं आईजवळ मी होतो."

"तू होतास, पण तुले काय कळस?"

दोघं आहिराणीत भांडायची. मला ती अजून अर्धीच कळते, म्हणून हे माझ्या मराठीत सांगते आहे. उरलेलं अर्धं सांगण्यासारखं नव्हतंच.

आप्पा कापडाच्या लूमवर मास्टर होते. मिसरूड फुटायच्या आधी सुरतेला आले आणि यंत्रांच्या खडखडाटात उभा जन्म गेला. त्यामुळं त्यांना हळू बोलता यायचं नाही. 'दूध आलं का' एवढं विचारलं तरी खालच्या मजल्यावरची माणसं दार उघडायची. बायको लवकर गेली. मूलबाळ नाही. निवृत्त झाले तरी माल तपासायची खोड गेली नाही. कापडात दोष निघाला की तो तागा 'सेकंड', नसला तर 'फ्रेश', हा कारखान्यातला हिशोब त्यांनी सगळ्या जगाला लावला होता. माझी ज्वारीची भाकरी फ्रेश. माझ्या नवऱ्यानं हौसेनं घेतलेला शर्ट सेकंड. खालच्या फरसाणवाल्याची शेव तर ते ट्यूबलाइटसमोर धरून बघायचे आणि परत त्याच्या ताटात ठेवायचे. त्यानं यांना दुकानात यायची बंदी केली. तेव्हापासून ते बाहेर उभं राहून, आत जाणाऱ्या गिऱ्हाइकांना सांगायचे, "सेकंड शे, भाऊ."

तळमजल्यावरच्या हंसाबेन एकदा म्हणाल्या, "आप्पा, बजारमां तैयार मळे छे. आटली महेनत शुं काम?" बाजारात तयार मिळते तर एवढी मेहनत कशाला, असं त्यांचं म्हणणं.

"बाजारनी शेव दुकानदारनी," आप्पा गरजले. "ही मन्ही मायनी शे."

"आणि लसणाशिवायची!" हे ते ग्लासाकडं बघून म्हणाले.

दिवाळीत लूम बंद झाले की डिंडोली रिकामी होते. पोतीपिशव्या, सायकली, नव्या साड्या घेऊन माणसं बसला लटकतात आणि गाव गाठतात. आप्पा जात नसत. मी एकदा म्हणाले, "आक्कांकडं जाऊन राहा की दिवाळीभर."

"बहिणीच्या घरी भावानं भाऊबीजेला जावं, एक रात्र राहावं, निघावं," ते म्हणाले. "बस्तान मांडू नये. मग तो भाऊ सेकंड."

या दिवाळीत नवऱ्याला कारखान्यात सुट्टीतल्या देखभालीची ड्युटी लागली, म्हणून आम्हालाही परभणीला जाता आलं नाही. हंसाबेनसुद्धा लेकीकडं कामरेजला गेलेल्या. पूर्ण बिल्डिंगमध्ये आमचं आणि आप्पांचं, अशी दोनच दारं उघडी. जिन्यात आपल्याच चपलांचा आवाज घुमायचा.

दुपारी तेल तापत ठेवल्याचा वास आला आणि आक्काचा आवाज सुरू झाला. मी हसले. पण थोड्या वेळानं माझा हात थांबला. आक्का एकटीच भांडत होती. आप्पांचा आवाज येतच नव्हता. हा माणूस शिंकला तरी मला कळतं, आणि आज चकार शब्द नाही. पडले बिडले की काय, म्हणून मी पळत गेले.

आप्पा ओट्यापाशी उभे होते. ठणठणीत. सोऱ्यात पीठ भरत होते. त्यांची पाठ माझ्याकडं होती.

"तेल तापलं का?" ग्लासातून आक्कानं विचारलं आणि उत्तरापुरती थांबली.

"तापलं, आक्का," आप्पा म्हणाले. इतक्या हळू, की मला वाटलं दुसरंच कुणीतरी बोललं. "बिल्डिंगमध्ये कुणी नाही ग. काल दिवसभर मी तोंडच उघडलं नाही."

"मग सोड पहिला घाणा. लसूण टाकला नसशीलच. हट्टी पहिल्यापासून."

"टाकलाय. आई टाकायचीच. तुझंच खरं."

"टाकला असतास तर आईची आठवण आली असती मेल्या तुला."

"येते," आप्पा म्हणाले. "तिची येते. तुझी जास्त येते."

"बोलू नको उलट! आच बघ, आच."

आप्पांनी आच बघितली. वळले तेव्हा मी दिसले. लपवालपवी केली नाही. स्टुलाकडं बोट दाखवून म्हणाले, "बठ."

मी बसले. "आक्कांना ऐकू येत नाही?"

"यंदाच्या पावसाळ्यात दोन्ही कान गेले. मशीन आणलं होतं. डोक्यात भुंगा फिरतो म्हणते, काढून ठेवलं. सून नंबर लावून फोन हातात देते आणि कामाला जाते."

"मग तुम्ही इकडं काय करताय, ते त्यांना कसं कळतं?"

"तिला कळायचंय काय त्यात?" आप्पांनी तेलावर सोऱ्या धरला आणि दाबत गोल फिरवला. तेल फसफसून वर आलं. "शेव तर तीच करते आहे. त्या घरात आता तयार पुडे आणतात. ती असते खाटेवर. तिला करायची तर ती इथंच."

मी उठून झारा हातात घेतला. ते दाबत गेले, मी उलटत गेले. आक्का आम्हा दोघांच्या चुका काढत राहिली. काही खऱ्या निघाल्या. पहिला घाणा जरा जास्तच लाल झाला होता.

"बरं, ठेवते," शेवटी ती म्हणाली. "गरम खाऊ नको, पोट दुखतं तुझं. भाऊबीजेला ये. आणि त्या परभणीच्या पोरीला दे वाटीभर."

"देतो," आप्पा म्हणाले.

पण फोन बंद झाला नाही. कुठलं बटण दाबायचं ते आक्काला कधी आलंच नव्हतं. इतकी वर्षं भांडून झालं की आप्पाच फोन कापत. तिनं तो बहुधा खाटेवर ठेवला असावा. बाज करकरली. कुणीतरी अंगण झाडत होतं. एक कोंबडी जवळ आली, हुसकावल्यावर लांब गेली. मग आक्का खोकली आणि देवाचं काहीतरी पुटपुटत पडून राहिली.

आप्पांनी टॉवेलला हात पुसले, ग्लासाकडं नेले, आणि बटणाच्या जवळ जाऊन मागं घेतले.

मग वाकून त्यांनी गॅस बारीक केला. तेलाचा चुरचुराट कमी झाला आणि तिकडचं अंगण थोडं अजून नीट ऐकू येऊ लागलं.